आबांची वजावट

आमच्या कुपवाडच्या घरात संक्रांत जवळ आली की दोन कामांची एकदम धांदल उडायची. स्वयंपाकघरात आई भोगीच्या भाजीसाठी पावटा सोलत, गाजरं चिरत बसायची. बाजरीच्या पिठाचा आणि भाजलेल्या तिळाचा वास घरभर झालेला असायचा. आणि बाहेरच्या खोलीत आबा माझ्या फीची पावती शोधत बसायचे. पावती हरवलेली नसायचीच. देवाच्या फोटोमागं त्यांनीच ठेवलेली असायची. तरी दरसाल घर डोक्यावर घ्यायचे. "आवं, तिथंच असंल की, तिला काय पाय फुटल्यात?" असं आई आतून ओरडायची. पावती सापडली की आबांनी चष्मा लावून ती अख्खी वाचायची, कोपऱ्यावरनं झेरॉक्स काढून आणायची, आणि झेरॉक्सच्या खाली 'खरी प्रत' असं लिहून लफ्फेदार सही ठोकायची. कारखान्यात ही सही कुणी मागत नव्हतं. पण आबांना कोण सांगणार!

आबा एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात लेथवर होते. घर इतकं जवळ की पाळीचा भोंगा झाला की आई त्या आवाजावर भात उतरवायची. ओव्हरटाइम करकरून आबांचा पगार इन्कमटॅक्सच्या तावडीत सापडला होता. दर जानेवारीत ऑफिसातून सगळ्यांना सांगणं यायचं, की विम्याचा हप्ता, पोरांची फी, जे काय असेल त्याचे पुरावे द्या, नाहीतर पगारातून टॅक्स कापू. बाकीचे कामगार शिव्या घालत पुरावे द्यायचे. आबा एकटेच खुशीत. आपला टॅक्स किती वाचला हे त्यांनी कधी विचारलंसुद्धा नसेल. जेवताना भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत मला म्हणायचे, "सरकारला बी ठाऊक हाय, वैशू, तू माझी लेक हायस ते. न्हाईतर दुसऱ्याच्या पोरीच्या फीची वजावट दिली असती व्हय?" आई आमटी वाढायची.

आता सांगूनच टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ नको. मी आबांच्या धाकट्या भावाची मुलगी. त्या भावाला, म्हणजे कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत नोकरीला असलेल्या दत्तात्रयांना, मी तात्या म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकी. मी नुकती चालायला लागले होते, मोठ्या जावेला, म्हणजे आईला, मूल होण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती, आणि काकींनी मला तिच्या ओटीत घातलं. म्हणजे खरोखरच ओटीत. तांदूळ, नारळ, हळदकुंकू, आणि त्याच्यावर मी. पै-पाहुणे जेवून गेले, शेवयांची खीर झाली, आणि मी कुपवाडची झाले. कागद कुणी केला नाही. घरातल्या घरात कसला आलाय कागद! पुढं शाळेत घालताना मात्र कोयनेचा जन्मदाखला द्यावा लागला, त्यामुळं हजेरीत माझ्या नावामागं दत्तात्रय लागलं. महादेव, म्हणजे आबांचं नाव, कुठंच लागलं नाही. हे काही गुपित नव्हतं. आळीत सगळ्यांना माहीत होतं, मला कळायला लागल्यापासून मलाही माहीत होतं. फक्त घरात ते बोलायचं नाही. जिनं जन्म दिला तिला मी काकी म्हणत होते आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी आपलं घर बघावं.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी सांगलीत एका इन्कमटॅक्सच्या वकिलांकडं अर्धवेळ काम धरलं. सकाळी कॉलेज, दुपारी वकीलसाहेबांचं ऑफिस. ते ऑफिस म्हणजे एक लांबडी खोली, वर कुरकुरणारा पंखा, आणि खालच्या भडंगवाल्याच्या फोडणीचा लसणाचा असा खमंग वास, की चार वाजता पोटात आग पडायची. व्यापाऱ्यांच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवणं हे माझं काम. पहिला पगार हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. ठरल्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी. मी तशीच आत गेले.

"साहेब, एवढे कापले का?"

"पॅन दिलं नाहीस ना अजून," वकीलसाहेब मान वर न करता म्हणाले. "पॅन असतं तर ह्याच्या निम्मे कापले असते."

"पण माझी कमाई टॅक्स लागण्याएवढी आहे का?"

"नाही. म्हणून तर ते परत मिळतील. पण तुझ्या पॅनवर जमा दिसले तरच. बिननावाचा पैसा सरकारकडं नुसता पडून राहतो, बाई."

मग त्यांनी मला समोर बसवलं. शिकवायची त्यांना भारी हौस, आणि ऐकणारं कुणी नसायचं. म्हणाले, "तीन शब्द नीट ध्यानात ठेव. कपात म्हणजे तुझ्या हातात पडायच्या आधीच गेलेलं. वजावट म्हणजे तुझी कमाई मोजताना सरकार जे धरतच नाही ते. आणि सूट म्हणजे टॅक्स काढून झाल्यावर सोडून दिलेलं. माणसं कपातीच्या नावानं बोटं मोडतात आणि आपली वजावट मागायला विसरतात." मग एकेक वजावट समजावत गेले. विमा, भविष्यनिर्वाह निधी, घराच्या कर्जाचं मुद्दल. फीशी आले तेव्हा म्हणाले, "फी कुणाची? स्वतःच्या अपत्याची. भावाची नाही चालत, पुतणीची नाही चालत." मी मान डोलावली. चार वाजता भडंग आले, पण त्या दिवशी मला ते गेले नाहीत. घरी येऊन मी ह्यातला चकार शब्द बोलले नाही. नियमाला धरून नव्हतं म्हणाल, तर म्हणा खुशाल. माझ्या फीचा पैसा आबांच्या ओव्हरटाइममधून जात होता, तात्यांच्या पगारातून नाही. मग वजावट काय शेजाऱ्याला द्यायची होती?

आणि पॅनचा अर्जही मी भरला नाही. आणून ठेवला होता, पण त्यात वडिलांच्या नावाची ओळ होती. दहावीच्या सर्टिफिकेटावर जे आहे तेच तिथं लिहावं लागतं. शाळेच्या हजेरीत नाव गेलं तेव्हा मला विचारलं नव्हतं, पण हे मी माझ्या हातानं लिहायचं होतं, आणि ते कार्ड जन्मभर पर्समध्ये बाळगायचं होतं. मी आपली दुप्पट कपात सोसत राहिले. वकीलसाहेब दर महिन्याला विचारायचे, आणि मी दर महिन्याला फोटो काढायचा राहिलाय म्हणून सांगायचे.

त्या जानेवारीत कारखान्यात हिशेबाचे साहेब बदलले. आधीचे म्हातारे साहेब आडनाव बघून पावती ठेवून घ्यायचे. नव्यांनी अख्खं नाव वाचलं. आबा संध्याकाळी घरी आले ते झेरॉक्स हातात तशीच घेऊन. आईनं चहा पुढं केला तरी त्यांचं लक्ष नाही. मला म्हणाले, "उद्या माझ्यासंगं चल हापिसात. त्या साहेबाला नियम कळंनात. तू वकिलाकडं हायस, तू समजावून सांग." मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तेल लावून केस बसवले होते. लेथवर काम करणारी माणसं आमच्याकडं बघत होती, आणि आबा प्रत्येकाला सांगत होते, "माझी लेक. टॅक्सच्या हापिसात कामाला हाय."

साहेब तरुण होते आणि माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाले, "हिच्या नावामागं दत्तात्रय आहे. तुमचं नाव महादेव."

"दत्ता माझा धाकटा भाऊ," आबा म्हणाले.

"मग ही पुतणी झाली."

"न्हाई. लेक हाय. हिच्या आयेच्या ओटीत घातलीया. सगळी भावकी जेवायला हुती, विचारा कुणालाबी." आणि आबांनी त्या काचेच्या केबिनमध्ये मला ओटीत घातल्याची सगळी गोष्ट सांगितली. कुठली साडी होती, नारळ कुणी आणला होता, मी रडले नाही उलट खीर मागितली, सगळं. बाहेर मशिनी धडधडत होत्या म्हणून आबा जरा मोठ्यानं बोलत होते. साहेबांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी हळूच विचारलं, "दत्तकपत्र आहे का?"

"घरातल्या घरात कशाला पायजे पत्र?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही ह्याच कामात आहात. तुम्हीच सांगा ना त्यांना."

आबांनीही माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर अजून विश्वास होता, की आता पोरगी साहेबाला गप्प करणार. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणाले, "आबा, कागद लागतो." एवढंच म्हणाले. आबांनी झेरॉक्सची घडी घातली, खिशात ठेवली आणि साहेबांना नमस्कार करून ते उठले. घरापर्यंतच्या रस्त्यात ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, गवारीचा भाव काय झालाय वगैरे.

आजकाल माझ्या स्वतःच्या ऑफिसात पोरं येतात. अर्धवेळ नोकरी करणारी, कुणी पार्सल पोचवणारी, कुणी क्लास घेणारी. मोबाइलवर बोट फिरवून म्हणतात, मॅडम, रिफंड कधी येईल? टॅक्सच्या नव्या पद्धतीत तर बहुतेक वजावटी गेल्याच. मुलांच्या फीबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, मूल कुणाचं हेही नाही. फार सोपं झालंय म्हणे. हा नियम जर तेव्हा असता तर आबांना कुणी त्या केबिनमध्ये बसवलं नसतं, असं माझ्या मनात येतं आणि मला सरकारचा उगीचच राग येतो. माझी मुलगी म्हणते, आई, तू टॅक्सवर अशी चिडतेस की जणू तो तुझा नातेवाईकच आहे.

तर, कारखान्यातल्या त्या दिवसानंतर मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. आता आडपडदा ठेवून उपयोग नव्हता. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "नव्यानं दत्तक घ्यायचं तुझं वय गेलं. पण लहानपणी रीतसर दिली-घेतली होती, असं आता लिहून ठेवता येतं. मात्र देणाऱ्यानं सही करायला हवी. 'मी दिली' असं त्यानं लिहून द्यायला हवं." हे आणि पॅनच्या अडलेल्या अर्जाचं मी घरी सांगितल्यावर आबांचा चेहरा असा खुलला म्हणता! "एवढंच व्हय? मंग दत्ता काय परका हाय? उद्याच जाऊ." आईनं रात्रीत शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या तात्यांना आवडतात म्हणून, डबा बांधून दिला, आणि आबांना दारात म्हणाली, "आवं, जपून इचारा." आबा म्हणाले, "इचारायचं काय त्यात?"

कोयनेचा घाट मला लागतो. पाटण सोडलं की एस.टी. अशी वळणं घ्यायला लागते की मी तोंडात लिंबू धरून बसते. आबा मला खिडकीशी बसवून पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःशीच बोलत होते, की आता पॅनवर बी माझंच नाव लावू, कॉलेजात बी बदलू, लग्नाच्या पत्रिकेत बी मग काय अडचण न्हाई. वसाहतीतल्या त्या घरात काकी मांडणीला आडवी दोरी बांधून ठेवायच्या, भूकंपाच्या हादऱ्यात भांडी पडू नयेत म्हणून. आम्ही गेल्या गेल्या त्यांनी दोरी सोडून चांगले कप काढले. चहा झाला, पोळ्या झाल्या, आणि वकीलसाहेबांनी करून दिलेला कागद आबांनी पुढं केला. तात्यांनी तो वाचला. परत वाचला. मग घडी न घालताच आबांच्या पुढ्यात ठेवला.

"दादा, हे मला जमायचं न्हाई."

आबांना वाटलं तात्यांना कळलं नाही. "आरं, नवं काय न्हाई त्यात. तू दिली, मी घेतली, हायच की."

"तोंडानं हजारदा म्हणंन, दिली. तुमचं घर रिकामं हुतं, मी दिली, आनंदानं दिली. परत कवा मागितली न्हाई, भेटाय यायला बी तुमाला इचारून आलो." तात्यांचा आवाज बदलला होता. "माझ्यापाशी तिचं काय ऱ्हायलंय, दादा? ती मला तात्या म्हणती. तिच्या आयेला काकी म्हणती. नावामागं तेवढा मी हाय. ते बी लिहून काढून घेताय व्हय?"

मी तिथंच बसले होते, भिंतीला टेकून, आणि दोघं भाऊ माझ्याकडं न बघता माझ्याबद्दल बोलत होते. मला कुणीही काही विचारलं नाही. मी उठून आत गेले. काकी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण त्या बसल्या होत्या चुलीपाशी बसावं तशा खाली, पाटावर. त्यांनी विचारलं. सगळ्या जन्मात त्यांनी एकट्यांनीच विचारलं. "तुला काय पायजे गं, वैशू?"

"मला आबांचं नाव पाहिजे," मी म्हणाले.

"व्हय, बरोबर हाय," त्या म्हणाल्या. पुढ्यातल्या कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पर त्येंच्यावर राग धरू नगंस. तू गेलीस तवा हे आठवडाभर कामावर गेलं न्हवतं." मला रडू आवरेना. काकींनी मला जवळ घेतलं नाही, त्यांना ते आपलं काम वाटत नव्हतं बहुतेक. नुसता पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

बाहेर आले तर आबा तात्यांच्या पाठीवर थोपटत होते. "ऱ्हाऊ दे, दत्ता. मी इचार केला न्हाई. ऱ्हाऊ दे." थोरला भाऊ म्हणून त्यांनी शब्द टाकला असता तर तात्यांनी रडत का होईना सही केली असती, हे मला आजही खात्रीनं वाटतं. आबांनी तो टाकला नाही. जेवायला थांबा म्हणून काकींनी किती आग्रह केला, पण आबा म्हणाले गाडी चुकंल.

पाटणच्या पुढं, हायवेवरच्या मलकापूरला उतरून आम्ही सांगलीच्या गाडीची वाट बघत उभे होतो. शेजारी रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरं वाजत होती. आबांनी मला रसाचा ग्लास आणून दिला, स्वतः घेतला नाही. म्हणाले, "तुझा त्यो पॅनचा अर्ज भरून टाक. दत्ताचंच नाव लिही."

"मी नाही लिहिणार."

"मंग तुझी कपात परत कशी यायची?"

"नको मला परत. जाऊ दे सरकारला."

"येड्यासारखं बोलू नगंस," आबा म्हणाले. ते माझ्यावर कधी रागावायचे नाहीत, तेव्हाही रागावले नव्हते. "दुपारभर त्या पंख्याखाली डोळं फोडत बसतीस, ते काय फुकट? तुझी कमाई हाय ती. आन नाव काय, माझ्या भावाचंच हाय. मीच अंगाखांद्यावर खेळवलाय त्याला." मग ते पाठ फिरवून गाडी येते का बघायला रस्त्यापर्यंत गेले. गाडीची पाटी इथूनही दिसली असती. ते तिथंच बराच वेळ उभे राहिले आणि मी त्यांच्यामागं गेले नाही, कारण त्यांचे खांदे हलत होते.

अर्ज भरला. कार्ड आलं. वकीलसाहेबांनी माझी कपात माझ्या पॅनवर चढवली, माझं पहिलं विवरणपत्र मीच भरलं, आणि पावसाळ्यात परतावा बँकेत जमा झाला. त्यातून मी आबांना शर्टाचं कापड घेतलं. त्यांनी ते शिवून घेतलं, सणाला घातलं, लोकांना दाखवलं, की लेकीनं इन्कमटॅक्स परत मिळवला, ही काय साधी गोष्ट हाय? लोक हो म्हणाले. मीही हसून साजरं केलं. पण जेवताना सरकारला काय काय ठाऊक आहे ते आबा परत कधी बोलले नाहीत, आणि आई त्यांच्या भाकरीवर आता न सांगता लोणी ठेवायला लागली होती.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर कारखान्यातून छापील अर्ज आला. पुरावे देण्याआधी प्रत्येकानं तो भरून द्यायचा होता. देवाच्या फोटोमागं कुणी हात घातला नाही. आबा माझ्यापुढं अर्ज ठेवून म्हणाले, "तूच भर, तुझं अक्षर चांगलं हाय." मी आबांना विचारत विचारत एकेक ओळ भरत गेले. नाव, विभाग, विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधी. आई पलीकडं बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होती. मग एक ओळ आली: अपत्यांची संख्या. मी पेन उचललं. आईचा हात परातीत थांबलेला मला दिसला.

"ही रिकामी सोडते, आबा," मी म्हणाले.

आबांनी चष्मा लावून ओळ वाचली. "रिकामी सोडली तर साहेब परत बोलावंल," ते म्हणाले. "शून्य लिही, बाळ."